म्हशीची शिंगं आणि सुवर्णसंधी

आमच्या चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी दोन गोष्टी येतात, सूर्योदयाचा फोटो आणि सुवर्णसंधी. सूर्योदय फुकट असतो.

सुवर्णसंधीचा मजकूर आता पाठ झालाय. 'राष्ट्रीय स्तरावरील समूह चित्रप्रदर्शन, मुंबई. जागा मर्यादित. प्रत्येक सहभागी कलावंतास सन्मानचिन्ह व प्रमाणपत्र. प्रवेश शुल्क रुपये साडेपाच हजार फक्त.' चेकवर 'फक्त' लिहितात ते घेणाऱ्यानं आकडा वाढवू नये म्हणून. इथं लिहितात ते देणाऱ्यानं दचकू नये म्हणून. मी तरीही दचकलो, आणि मग भरले.

याला गावही जबाबदार आहे. कोल्हापूरला आम्ही कौतुकानं कलापूर म्हणतो. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेराच स्वतः बनवला आणि त्यावर मूकपट काढले. असा वारसा डोक्यावर असला की गल्लीत एक तरी माणूस रंग कालवत बसलेला असतो आणि उरलेले त्याच्या मागं उभं राहून 'आकाश जरा गडद झालं' असं सांगत असतात.

मीही दर रविवारी गावातल्या रंकाळा तलावावर लँडस्केपला बसतो. त्या दिवशी समोर संध्यामठ, कोवळं ऊन आणि पाण्यात एक म्हैस होती. बावीस बाय तीस इंचाचा अख्खा कागद लावला होता. म्हैस झकास उतरली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"शिंगं बारकी काढलायसा की ओ."

वळून पाहिलं तर खांद्यावर टॉवेल टाकलेला एक गृहस्थ.

"म्हस माझी हाय," त्यांनी अधिकार स्पष्ट केला. "आणि अर्धा इंच वाढवा."

मी म्हटलं, "मामा, हे जलरंग आहेत. असं मनात येईल तेव्हा बदलता येत नाही."

"मग कशाला त्यात काढतायसा?"

शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान याच काठावर चित्रं काढायचे. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला असेल का, याचा विचार करत मी ब्रश धुतले.

हेच चित्र मुंबईला पाठवायचं ठरलं. कागद आणि रंग मिळून खर्च चारशे. फ्रेमवाल्यानं अठराशे सांगितले. काच घेतली तर फुटेल म्हणाला, ॲक्रिलिक घेतलं तर ओरखडे पडतील म्हणाला, आणि दोन्हींत धोका सारखाच असल्यामुळे महागातलं घ्या म्हणाला. माउंट आणि पट्टी धरून चित्र दारातून तिरकं काढावं लागेल एवढं झालं. कुरिअरवाल्यानं लांबूनच हात जोडले. तेव्हा बबलरॅप, वर जुनी चादर, वर सुतळी असा जामानिमा करून मी आणि म्हैस रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढलो.

बर्थखाली बॅगा होत्या. उभं ठेवलं तर येणारा-जाणारा लाथ मारणार. शेवटी माझ्या अप्पर बर्थवर चित्र झोपलं आणि मी खाली एका आजोबांच्या पायाशी बसलो. टीसी आला.

"वर काय आहे?"

"म्हैस," मी झोपेत म्हणालो.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. तिकीट त्यानं नंतर मागितलं.

मुंबईत १९५२ सालच्या जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांना मी बाहेरूनच नमस्कार केला. तिथं तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि मला बीपी आहे. आमचं प्रदर्शन जवळच्याच एका हॉलमध्ये होतं. वाटेत काळा घोडा लागला. मूळचा पुतळा, म्हणजे घोडा आणि त्यावरचा सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये त्या चौकात नवा घोडा आला, पण त्यावर बसायला कुणीच नाही. दिमाखात उभा आहे आणि वर गिऱ्हाईक नाही. मला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

उद्घाटन अकराला होतं, पाहुणे साडेबाराला आले. समई तयार, वाती तयार, काडेपेटी नाही. सत्तेचाळीस चित्रकारांत एकाकडेही काडी निघेना, कारण पाहुण्यांसमोर सगळेच निर्व्यसनी. अखेर व्यसनमुक्तीवर चित्रमालिका लावलेल्या सरांच्या खिशातून लायटर निघाला आणि कलेचा दीप उजळला.

माझ्या वाट्याला साडेतीन फूट भिंत होती. जाऊन बघतो तर म्हशीखाली लेबल 'प्रतीक्षारत राधा'. खरी राधा समोरच्या भिंतीवर 'रंकाळ्यावरील म्हैस' या नावाखाली बासरी ऐकत उभी होती. तिच्या चित्रकर्तीचं आणि माझं एकमेकांकडे बघायचं धाडस झालं नाही. आयोजकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "कॅटलॉग छापून झालाय, आता राहू द्या." संध्याकाळपर्यंत तीन जणांनी माझ्या चित्रातला विरह अंगावर आल्याचं सांगितलं.

प्रेक्षक म्हणजे आम्हीच. एकमेकांच्या अभिप्रायवहीत आम्ही 'अप्रतिम' लिहीत फिरलो. विसाव्या वहीपासून मी 'अप्र.' लिहायला लागलो. बाहेरचा एकच माणूस आला. माझ्या चित्रासमोर तो दहा मिनिटं डोळे मिटून उभा राहिला. माझ्या काळजाचं पाणी झालं. जवळ जाऊन विचारलं, "कसं वाटलं?"

"एसीची हवा बरोब्बर इथंच येते," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत सन्मानचिन्हाची भर पडली. घरी कपाटामागं आधीची अकरा चित्रं होतीच. शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी दुःखानं आपली चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. ती मी हिला एकदा भारावून ऐकवली होती. तेव्हा गप्प बसलेली बायको बाराव्या फ्रेमकडे बघत म्हणाली, "कोटितीर्थ काही लांब नाही हो."

पुढच्या महिन्यात आमच्याच ग्रुपचं प्रदर्शन दसरा चौकात, शाहू स्मारकच्या कलादालनात लागलं. शुल्क इथंही होतं, पण फ्रेम तयार होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. खांद्यावर तोच टॉवेल. बाकीच्या भिंतींकडे ढुंकूनही न बघता म्हशीसमोर उभे राहिले. आकाश, पाणी, संध्यामठ, कशावरच बोलले नाहीत.

"इकली हिला," बऱ्याच वेळानं म्हणाले. "पोरीच्या लग्नात. शिंगं नीट करून द्या, मग न्हेतो. पैशाचं न्हाई जमायचं. दूध घालतो म्हैनाभर. पाणी न घालता."

जलरंगात बदल होत नाहीत, हे मी या खेपेला बोललो नाही.

फ्रेमवाल्यानं फ्रेम उघडून परत बसवायचे अडीचशे घेतले. बारीक ब्रशनं, श्वास रोखून, मी दोन्ही शिंगं अर्धा-अर्धा इंच वाढवली. मामांनी बोटानं हवेत मापून बघितली आणि डावं अजून थोडं, म्हणाले.

एक तारखेला सकाळी सहाला किटली दारात आली. हिनं दुधाच्या कॅलेंडरवर नेहमीच्या चौकटीत लिहिलं, 'चित्र, १ लिटर.'