नवा गुडघा वाया घालवण्याची रीतसर पद्धत

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन दीड-दोन तासांत आटोपतं. एवढ्या थोड्या वेळात एकटा सर्जन बिघडवून बिघडवून किती बिघडवणार? गुडघा खरोखर वाया घालवायचा तर आधीचे दोन-तीन महिने आणि नंतरचे तीन महिने नेटाने काम करावं लागतं, आणि त्याला घरच्यांची प्रेमळ साथ हवीच.

आधी टाळाटाळ शिकून घ्या. गुडघा पूर्ण सरळ व्हायचा थांबला, जाड मांड्या वाळून गेल्या, की मगच सर्जनकडे जा. ऑपरेशननंतर उभं राहायचं ते मांडीच्या पुढच्या स्नायूच्या जोरावर. तोच आधी सुकवून टाकला की अर्धं काम झालं. ऑपरेशनआधी महिनाभर रोज पाय सरळ ताठ उचलण्याचा व्यायाम केला तर हा स्नायू टिकतो, म्हणून तो कटाक्षाने टाळा. दरम्यान गुडघ्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं घेत राहा. शेवटचं इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत तीन महिन्यांचं अंतर नसेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि सर्जन तारीख पुढे ढकलतो. म्हणून त्याला इंजेक्शनाचं सांगूच नका. गावाकडून आणलेल्या बिननावाच्या पुड्यांबद्दलही अवाक्षर काढू नका. त्यांतल्या काहींत गुपचूप स्टिरॉइड मिसळलेलं असतं, हे भूलतज्ज्ञाला कळलं तर तो विनाकारण सावध होईल. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करा किंवा स्वतःच्या मनाने चालू ठेवा. दोन्ही चालेल, फक्त विचारायचं नाही.

आता साखर. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेसात-आठच्या वर गेली की बहुतेक सर्जन थांबायला सांगतात. तुम्ही थांबू नका, आंब्याचा मोसम थोडाच थांबतो! किडका दात, पायाच्या बोटांतल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, लघवीची जळजळ, या सगळ्याचा गुडघ्याशी काय संबंध, असं ठणकावून विचारा. (संबंध असा की तिथले जंतू रक्तात उतरले की धातूवर आणि प्लास्टिकवर चिकट थर करून बसतात आणि तिथवर ना जंतूंशी लढणाऱ्या पेशी नीट पोचतात, ना औषध.) आदल्या रात्री घरच्या रेझरने पायाचे केस स्वच्छ काढा. रुग्णालयात आयत्या वेळी मशीनने केस कापतात, त्यात कातडीला बारीक जखमा होत नाहीत. मग जंतूंनी शिरायचं कुठून?

इम्प्लांट निवडताना डोकं जाहिरातीला द्या. मांडीच्या हाडावर बसणारी धातूची टोपी, नडगीच्या हाडावरची धातूची बैठक, दोहोंच्या मधे आठ-दहा मिलिमीटरची पॉलिथिलीनची चकती आणि कधी वाटीच्या मागे प्लास्टिकचं बटण: एवढाच ऐवज. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने त्याच्या किमतींना लगाम घातला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सेटला तेव्हा ५४,७२० रुपये, वर जीएसटी. बिलात इम्प्लांटची किंमत, ब्रँड आणि बॅच नंबर वेगळा दाखवावा लागतो. तो पाहू नका, स्टिकर फाइलमधून गहाळ करा; पुढेमागे दुसऱ्या डॉक्टरला आत काय बसवलंय हे शोधण्यात गंमत वाटेल. 'गोल्ड' गुडघा घ्यायचा असेल तर गुरुपुष्यामृत बघून घ्या. त्यात सोनं गुंजभरही नसतं. टायटॅनियम-नायोबियम नायट्राइडचा पिवळा मुलामा असतो, आणि तो मुख्यतः धातूची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी. पण शेजारणीला सांगायला बरा. रोबोबद्दलही हेच. हाडाचा काप तो अधिक मोजून घ्यायला मदत करतो, पण घरी येऊन तुमच्याऐवजी पाय वाकवत नाही.

दोन्ही गुडघे एकदम उरकून टाका. अटलबिहारी वाजपेयींनी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये बदलून घेतला आणि उजवा जून २००१ मध्ये. देश चालवणाऱ्या माणसाला दोन खेपा करायला सवड होती. तुम्हाला नातवाची मुंज आहे. हृदय आणि फुप्फुसं दोन्ही गुडघ्यांचा ताण एकाच वेळी सोसतील का, हा प्रश्न मुहूर्तापुढे गौण.

ऑपरेशनच्या दिवशी घन आहार सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुम्ही पहाटे 'फक्त अर्धा कप चहा' घ्या. दूध घातलेला चहा भूलतज्ज्ञाच्या हिशेबात पाण्यात धरत नाहीत, त्यामुळे तुमचा नंबर आपोआप शेवटी जाईल.

घरात काहीही बदलू नका. सतरंज्या, पायपुसणी, मोबाइलच्या वायरी जिथल्या तिथे. बाथरूममध्ये हँडल बसवायला फरशी फोडावी लागते, ते राहू द्या. बसायला जुना खोल सोफाच हवा. हात असलेली अठरा-वीस इंची उंच खुर्ची मांडली तर तुम्ही कुणाच्या मदतीशिवाय उठून बसाल आणि घरच्यांना पुण्य मिळायचं राहील. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची तर मुळीच आणू नका.

आता मुख्य अस्त्र: उशी. घरी आल्या आल्या गुडघ्याखाली मऊ उशी सारा. गुडघा वीस-तीस अंश वाकतो, दुखणं ओसरतं, डोळा लागतो. सगळं घर हळू आवाजात बोलतं. याच आरामात सांध्याच्या मागचा पडदा आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडत जातात, आतली जखम त्याच कोनात भरते, आणि सहा आठवड्यांत गुडघा कायमचा अर्धवट वाकलेला. असा पाय घेऊन चाललं की मांडीचा स्नायू क्षणभरही सुटत नाही, दहा मिनिटांत थकवा आणि लंगडणं. उशी टाचेखाली घेतली तर गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या वजनाने सरळ होतो. ते दुखतं. दुखतं म्हणजे चुकतंय, असं ठरवून टाका. सगळे किती वाकतो ते विचारतात, किती सरळ होतो ते कुणी विचारत नाही. तिथेच तुमचं फावतं.

फिजिओ येण्याआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक घ्यायची असते. तुम्ही 'गोळ्यांची सवय लागते' म्हणून घेऊ नका, मग ओरडा, आणि फिजिओ गेल्यावर घ्या. टाच घसरवत पाय जवळ घेणं, घोटा वर-खाली हलवणं, मांडी आवळून गुडघा गादीत दाबणं: दर दोन तासांनी दहा-दहा वेळा सांगितलं असेल तर ते औपचारिक समजा. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. उलटं करून बघा. सूज आली की बर्फ नको, 'थंड बसेल'. गरम शेक घ्या.

मालिशवाल्या मावशींना दुसऱ्याच आठवड्यात बोलवा. तेल, रगडा, विशेषतः सुजलेल्या पोटरीवर. पोटरीतली सूज कधी कधी शिरेत रक्त गोठल्याची असते. ती चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून तर रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा इंजेक्शन काही आठवडे दिलेलं असतं. तुम्ही ते 'आता बरं आहे' म्हणून बंद केलेलंच असेल. अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर आधी अ‍ॅसिडिटीचं सरबत घ्या.

टाके निघतात बाराव्या-चौदाव्या दिवशी. त्याआधी जखमेवर हळद भुरभुरा. पाणी झिरपायला लागलं, भोवती लाली चढली तर सर्जनला त्रास न देता कपाटातली उरलेली अँटिबायोटिक सुरू करा. त्याने जंतू मरत नाहीत, फक्त तपासणीत सापडेनासे होतात. लवकर कळलं तर सांधा उघडून धुता येतो, प्लास्टिकची चकती बदलून धातू वाचवता येतो. उशीर झाला की सगळं काढायचं, औषध मिसळलेलं सिमेंट भरायचं, काही आठवडे थांबायचं, आणि पुन्हा नवा गुडघा. बिलही नवं.

एवढं करूनही गुडघा सहा आठवड्यांत नव्वद अंशांच्या पुढे वाकलाच, तर निराश होऊ नका. नाही वाकला तर सर्जन भूल देऊन तो वाकवायचा सल्ला देईल. हे साधारण पहिल्या तीन महिन्यांतच साधतं, पुढे आत चिकटलेले भाग घट्ट होतात. तुम्ही चार महिने विचार करा.

मग बागेतल्या बाकावर बसा. नडगी ठणकत असेल, पाय पुढे ताणून ठेवता येत नसेल. कुणी तरी दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारेलच, 'तुम्ही केलंय ना ऑपरेशन? करू का मी?' तुम्ही मान हलवा आणि त्यांना तुमच्या मालिशवाल्या मावशींचा नंबर द्या.