हलकी नळी आणि ३०० यार्डांचा हिशेब
अडीच किलोची .३०८ रायफल (०.३०८ इंच व्यासाच्या गोळीची) ५०० यार्डांवर हरीण पाडते, असं हलक्या रायफलींवरच्या एका लेखात वाचलं; ते विधान कागदावरच शोभतं. पातळ नळी तिसऱ्या-चौथ्या गोळीला तापते, ग्रुप (निशाण्यावरच्या गोळ्यांचा पुंजका) पसरतो. पण शिकारीत मोजायची ती थंड नळीची पहिली गोळी. १.५ एमओएचा ग्रुप (एमओए हे अचूकतेचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) म्हणजे ३०० यार्डांवर साधारण साडेचार इंच, आणि अमेरिकन व्हाइटटेल हरणाचं हृदय-फुप्फुसाचं मर्मस्थळ आठेक इंच. इथवर रायफल पुरते. खरी गोची वाऱ्याची! ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा १५० ग्रेनची (साधारण पावणेदहा ग्रॅमची) गोळी तेवढ्या अंतरात सहा-सात इंच ढकलतो. शिवाय हलकी बंदूक ट्रिगर दाबतानाच डुलते. दस्त्याचा पुढचा भाग सॅकवर टेकवा, नळी कधीच नाही. नाहीतर गोळी बहुधा वर जाते.