सुळा काय खिशात मावतो?
हस्तिदंताचा तस्कर सापडला की निघतो कोण? प्रतिष्ठित व्यावसायिक! दरवेळी! टांझानियातल्या दार-ए-सलामच्या यांग फेंगलान बाईच घ्या. चायनीज हॉटेल, व्यापारी मंडळाचं उपाध्यक्षपद, अस्खलित स्वाहिली. आणि मागच्या दाराने? २००० ते २०१४, आठशेवर सुळे! इतकी वर्षं कुणालाच काही दिसलं नाही? सगळ्यांच्या डोळ्यांवर काय एकदम झापड आली होती? २०१५ मध्ये पकडलं, निकाल २०१९ मध्ये. पंधरा वर्षं कैद. वा! तोवर इकडे २००९ ते २०१४ दरम्यान टांझानियातले निम्म्याहून जास्त हत्ती खलास. कशासाठी? तर कुणाच्या तरी शोकेसमधल्या कोरीव बाहुलीसाठी. त्या शोकेसवाल्याला कधी कोर्टात उभं केलेलं ऐकलंय?