व्हेलचे फोटो काढणं म्हणजे चैन नाही, भाऊ

आपल्या नागपूरच्या ग्रुपांमध्ये एक मेसेज लय फिरून राहिला. हंपबॅक व्हेल आता भरपूर झाले, त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन फिरणं म्हणजे श्रीमंतांची चैन, उलट त्या बोटींचाच त्यांना त्रास, आणि समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्याला काय करायचं, असं त्यात लिहिलंय. शिकलेसवरलेले लोक पण पुढे ढकलून राहिले म्हणून लिहितो.

शिकार थांबल्यावर संख्या वाढली हे बरोबर. पण वाढली हे कळलं कसं? हंपबॅक खोल डुबकी मारतो तेव्हा शेपूट वर येते, तिच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग, कडेच्या खाचा, जुने ओरखडे हे प्रत्येकाचे वेगळे असतात, पेंच-ताडोब्यात कॅमेरा ट्रॅपच्या फोटोतून पट्ट्यांवरून वाघ ओळखतात ना, अगदी तसंच. असेच शेपटीचे हजारो फोटो जुळवले तेव्हा २०२४ मध्ये समोर आलं की उत्तर पॅसिफिकमधले हंपबॅक २०१२ ते २०२१ या काळात साधारण २० टक्के कमी झाले. मधे समुद्र भयंकर तापला होता, खाणं घटलं. फोटो नसते तर आपण "भरपूर झाले" म्हणतच बसलो असतो.

आणि नुसत्या सरकारी आकड्यावर भरोसा ठेवला की काय होतं ते पण बघा. सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात ४८ हजारांवर हंपबॅक मारले अन् कागदावर दाखवले तीन हजारांपेक्षा कमी, खरं बाहेर आलं ते थेट १९९० च्या दशकात!

बोटींचा त्रास होतो, हा मुद्दा मला पटतो. म्हणूनच अमेरिकेत हवाई बेटांजवळ अन् अलास्कात व्हेलच्या १०० यार्डांच्या आत जायला बंदी आहे, जवळ जायचं तर संशोधकांनाही परमिट लागतं, आणि ड्रोनमुळे आता वरूनच मोजता येतं की मादी किती खंगली, पिल्लू भरतंय का. त्रास देणाऱ्या टुरिस्ट बोटींवर बोला ना, अभ्यासावर काहून घसरता?

व्हिडिओ-फोटो काढून होतं काय म्हणाल, तर व्हेल कुठे जास्त दिसतात याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या म्हणून २००७ मध्ये बोस्टनच्या बंदरात जाणाऱ्या जहाजांचा रस्ताच सरकवला. धडकेचा धोका बराच कमी झाला.

राहिलं आपलं घेणंदेणं. अरबी समुद्रातले हंपबॅक वेगळेच आहेत, ते बाकीच्यांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात, आणि ओमानकडच्या मोजणीनुसार शंभर पण नाहीत. त्याच सोव्हिएत जहाजांनी १९६५-६६ मध्ये या समुद्रातले २४२ मारले होते. २०१७ मध्ये ओमानजवळ लुबान नावाच्या एका मादीला सॅटेलाइट टॅग, म्हणजे ती कुठे आहे ते उपग्रहातून कळवणारं यंत्र, लावला, तर ती सरळ समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला आली आणि खाली पार कन्याकुमारीपर्यंत गेली. टॅग नसता तर ती आपल्या पाण्यात येते हे आपल्याला कोणी सांगितलं असतं?