उल्हासनगर उभं राहिलं, मग शातिला छावणीच का राहिली?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. पॅलेस्टिनी नेते शफीक अल-हूत यांच्यावरच्या माझ्या लेखात तुम्हाला आरती ऐकू आली, आणि लेबनॉनच्या यादवीत पॅलेस्टिनी संघटनांनी काय केलं ते मी गाळलं, असं तुम्ही म्हणता. कबूल. ती सगळी वर्षं मी एका ओळीत उरकली. जानेवारी १९७६ मध्ये दामूर गावात पॅलेस्टिनी आणि त्यांच्या साथीदार गटांच्या बंदूकधाऱ्यांनी ख्रिस्ती रहिवाशांची कत्तल केली. हूत तेव्हा पीएलओचे, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे, लेबनॉनमधले प्रतिनिधी होते. बंदूक त्यांच्या हातात नव्हती हे खरं, पण लेबनॉनपुरतं संघटनेचं तोंड तेच होते. दामूरचं नाव यायलाच हवं होतं.

पण पुढचं पटत नाही. तुम्ही लिहिता, ‘कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंध्यांनी उल्हासनगर उभं केलं, मग हे लोक तीन पिढ्या छावणीतच का बसून राहिले?’ अहो, लेबनॉनमधले पॅलेस्टिनी निर्वासित बैरूतच्या शातिलासारख्या छावण्यांत बसून राहिले नाहीत, त्यांना बसवून ठेवलं. सिंध्यांचे हाल कमी झाले नाहीत, पण ते आले त्या देशाने त्यांना आपलं मानलं. मत, दुकान, घर, सगळं त्यांच्या नावावर होऊ शकलं. लेबनॉनमध्ये सत्तेची वाटणी धर्मपंथांनुसार चालते. बहुसंख्य सुन्नी असलेल्या या निर्वासितांना नागरिक केलं तर ते गणितच कोलमडेल, ही तिथली जुनी धास्ती. म्हणून डॉक्टरकी-वकिलीसारख्या कितीतरी व्यवसायांची दारं बंद, आणि २००१च्या कायद्यापासून घरही नावावर घेता येत नाही.

गंमत म्हणजे हूत यांचं घराणं मूळचं बैरूतचंच. आजोबा तिथून पॅलेस्टाईनमधल्या याफाला गेलेले. एप्रिल १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या तोंडावरच्या लढाईत घर सुटलं तेव्हा, सोळा वर्षांचा शफीक बोटीने बैरूतला उतरला, तो म्हटलं तर आजोबांच्याच गावी. तरी जन्मभर तो याफाचाच राहिला.

राहता राहिला ऑस्लो, म्हणजे इस्रायल आणि पीएलओ यांच्यातला करार. हूत यांनी ‘शांततेत बिब्बा घातला’ हे तुमचे शब्द. १९९३ साली त्यांनी या कराराच्या विरोधात पीएलओच्या कार्यकारी समितीचा राजीनामा दिला, कवी महमूद दरवीश यांनीही दिला. करारात निर्वासितांचा प्रश्न पुढच्या, अंतिम वाटाघाटींवर ढकलला होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४८च्या ठराव १९४ मध्ये मात्र घरी परतू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावं, ज्यांना परतायचं नाही त्यांना भरपाई द्यावी, असं स्वच्छ लिहिलं आहे. आता १९८२ आठवा. इस्रायलच्या हल्ल्यानंतर पीएलओचे लढवय्ये बैरूत सोडून गेले, नेतृत्व ट्यूनिसला गेलं, हूत मागे राहिले. दोन-तीन आठवड्यांत बैरूतमधल्या साब्रा आणि शातिलात मागे उरलेल्या निर्वासितांचं हत्याकांड झालं. ट्यूनिसमधून ज्या कराराला हो म्हणणं जमलं, तो शातिलातल्या बाईला कुठल्या तोंडाने समजावायचा? माझ्या मते राजीनाम्यामागे हा पेच होता, आणि त्याला मी बिब्बा म्हणणार नाही.

दामूरची दुरुस्ती आज रात्री मूळ लेखात करतो. आरतीचा सूर कुठे कुठे लागलाय ती वाक्यंही कळवा, त्यांच्याकडेही बघतो.