बल्ब पेटतो, 12 व्होल्ट येतात, तरी वॉर्निंग का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, मागच्या लाईटच्या वॉर्निंगवरच्या माझ्या लेखाखाली प्रतिक्रिया एवढी सविस्तर लिहिलीत म्हणून उत्तरही सविस्तरच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की डॅशबोर्डवर मागच्या लाईटची वॉर्निंग येते-जाते एवढ्यासाठी व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन बसायची काही गरज नाही, तुमच्या गाडीत डाव्या बाजूच्या होल्डरला 12 व्होल्ट येतायत, बल्बही पेटतोय, म्हणजे वायरिंग ओके आणि सेन्सरच गंडलाय. वायरमन म्हणतो बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गाडीचे लाईट वगैरे चालवणारा कॉम्प्युटर) बदला, नाहीतर एलईडी आणि रेझिस्टर (बल्बाएवढा करंट खाणारा जादा तुकडा) टाकून विषय संपवा. आणि मी लोकांना उगाच घाबरवतो.

आधी बल्बचं. नवीन बल्ब टाकून बघा हे मी लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, त्यावर आपलं भांडण नाहीच. फक्त दुकानातून आणताना नंबर बघून आणा. ब्रेक आणि पार्किंग एकाच बल्बात असेल तर तो पी 21/5 डब्ल्यू, दोन फिलामेंटचा (म्हणजे आत पेटणाऱ्या दोन तारा), त्याच्या बाजूच्या पिना खालीवर असतात. पी 21 डब्ल्यू एकाच फिलामेंटचा आणि पिना एका उंचीवर. हा दुसरा काही लोक जोर लावून पहिल्याच्या जागी बसवतात आणि मग ब्रेक दाबला की पार्किंग पेटतं, पार्किंग लावलं की ब्रेक लाईट. नवीन बल्ब आणायच्याही आधी डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून बघा, तक्रार उजवीकडे गेली तर बल्ब खराब, डावीकडेच राहिली तर बल्बला सोडा आणि होल्डर, प्लग, वायर बघा. याला खर्च शून्य.

आता सेन्सर. बल्बपाशी वेगळा सेन्सर नसतो हो. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू अशा गाड्यांत बीसीएम किंवा तसलंच लाईटचं मॉड्यूल बल्बला सप्लाय देतं आणि त्या लाईनवर करंट किती जातोय ते स्वतःच मोजतं. 21 वॅटचा फिलामेंट 12 व्होल्टला साधारण पावणेदोन अँपिअर खातो, 5 वॅटचा 0.4 च्या आसपास. कुठेतरी कॉन्टॅक्ट काळा पडला, अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) सैल झालं, की करंट कमी होतो किंवा खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर तुटतो. डोळ्याला बल्ब पेटलेलाच दिसतो, पण मॉड्यूलला ते कळतं आणि वॉर्निंग येते. म्हणजे तुम्ही जे दोन मुद्दे एकमेकांविरुद्ध मांडलेत, बल्ब पेटतोय आणि वॉर्निंग येतेय, ते दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात आणि बहुतेक वेळा असतातच.

आणि 12 व्होल्टचं. तुम्ही बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावला ना? नळ बंद असताना पाईपमध्ये प्रेशर पूर्णच दिसतं, व्हॉल्व्ह अर्धा बंद असला तरी, नळ सोडल्यावरच कळतं पाणी किती येतंय ते. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे आतली वायर तुटून एक तार शिल्लक असली तरी 12 च दाखवणार. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, लाईट चालू करून, कुणाला तरी ब्रेक दाबून बसवून आणि हजार्डही (चारही इंडिकेटर एकदम) लावून मोजायचं. मीटरची काळी प्रोब (टोकाची सुई) बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा बॉडीच्या स्वच्छ बोल्टला, लाल प्रोब टेललॅम्पच्या प्लगमध्ये अर्थच्या पिनेवर मागून. तिथे 0.1, फार तर 0.2 व्होल्ट यावेत. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर तुमचा चोर सापडला. सप्लायच्या बाजूला मात्र जरा जपून, काही गाड्यांत बीसीएम 21 वॅटचाच फिलामेंट कमी ताकदीने पेटवून त्याचं पार्किंग लाईट करतं, तिथे मीटर 12 दाखवणारच नाही आणि ते बरोबर असतं.

हे एवढं का सांगतोय, कारण मी अशी एक गाडी जवळून बघितलीय. मित्राची हॅचबॅक, अलिबागला असते, समुद्राची हवा. दिवसा काही नाही, रात्री गाडी थोडी चालली की वॉर्निंग, सकाळी गायब. आणि ब्रेक दाबून इंडिकेटर दिला की पार्किंग लाईट इंडिकेटरच्या तालावर मंद व्हायचं. हे लक्षण दिसलं की सरळ अर्थिंगच बघायचं, कारण एका लॅम्पमधल्या सगळ्या बल्बांची अर्थ एकाच पिनेवर येते. प्लग काढला तर बाकीच्या पिना चकचकीत आणि अर्थच्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. आता हिशेब करा, त्या पिनेत नुसता अर्धा ओहम रेझिस्टन्स वाढला आणि ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग मिळून साडेतीन अँपिअर गेले तर तिथेच पावणेदोन व्होल्ट खाल्ले जातात आणि 6 वॅट उष्णता त्या बंद प्लगच्या आत तयार होते, म्हणजे पार्किंगच्या बल्बपेक्षा जास्त. पिन तापते, सैल होते, आणखी तापते. रात्रीच का, तर रात्री पार्किंग लाईट सतत चालू असतं म्हणून. टर्मिनल बदललं, वायरचा जळका तुकडा कापला, क्रिम्प केलं (पकडीने दाबून घट्ट बसवलं), काम झालं. पॉलिश पेपरने घासून कामचलाऊ करू नका, पिनेवरचा कथलाचा थर जातो आणि पावसाळ्यात पुन्हा हिरवट होते.

हॅचबॅकमध्ये डिकीच्या दारावर लाईट असतील तर बिजागरीजवळचं रबरी बूट मागे सरकवून वायरी वाकवून बघा, दार उघडझाप करून तिथे वायरी आतून तुटतात. दोन्ही ब्रेक लाईट एकदम जात असतील तर पेडलवरचा स्विच.

एलईडी आणि रेझिस्टरला माझा ठाम विरोध आहे. साध्या बल्बच्या लॅम्पमध्ये एलईडी टाकला की करंट पडतो म्हणून वॉर्निंग येते, मग बाजारात 6 ओहमचा 50 वॅटचा रेझिस्टर देतात. तो इंजिन चालू असताना दोन अँपिअरच्या वर खातो आणि 30 वॅटच्या आसपास तापतो, बरेच जण तो प्लॅस्टिकला डबल टेपने चिकटवतात. त्याहून वाईट म्हणजे उद्या तो एलईडी खरंच बंद पडला तर गाडीला कळणारच नाही, कारण करंट रेझिस्टर खातोय. आपल्याकडे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 105 मध्ये, मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे असं आहे. बल्बला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तरी उजेड साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो. घाटात, पावसात, मागे ट्रक असताना तो 30 टक्के उजेड कुणाचा तरी जीव आहे, म्हणून मी एवढा चिकटून लिहितो. घाबरवायचं म्हणून नाही.

बीसीएमचं म्हणाल तर ते कधी खराब होत नाही असं मी म्हणत नाही, पण ते सगळ्यात महाग आणि बदलल्यावर कोडिंग (नवीन मॉड्यूल त्या गाडीसाठी सेट करणं) करावं लागतं, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी. वायरमनला सांगा, आधी स्कॅनर लावून गाडीत साठलेले बिघाडाचे कोड वाचा, पुसू नका, कोणत्या लाईनवर ओपन सर्किट (तुटलेली जोडणी) आहे ते लिहून घ्या.

तुम्ही लिहिलंय की तुमची वॉर्निंग पाऊस पडून गेल्यावर येते आणि दोन-तीन दिवसांनी आपोआप जाते. मग डावा लॅम्प बाहेर काढून मागचं गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी पट्टी) आणि होल्डर ओले आहेत का तेवढं बघा, आणि वर सांगितलंय तसं अर्थवर लाईट चालू ठेवून किती व्होल्ट येतात ते इथेच खाली टाका. गाडीचं मॉडेल आणि वर्षही लिहा, म्हणजे अर्थची पिन नेमकी कोणती ते वायरिंग डायग्रॅममध्ये बघून सांगतो.