पैसे देऊन पळतेत

आज पहाटे अंबाजोगाईत मुकुंदराजाच्या रस्त्यावर मी आठशे मीटरचा पाचवा फेरा मारत होतो. शेजारी एक्सेल गाडी आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मध्ये मफलर गुंडाळलेले मामा.

"कामून पळायलाव भाऊ? एसटी हुकली का?"

"नाही मामा. सराव."

"कशाचा?"

"पळायचा."

"पळायलावच की! आणखी सराव कशाला?"

याला उत्तर असेल, पण प्रत्येक शब्दामागं माझा एक श्वास जात होता आणि मामांच्या टाकीत पेट्रोल होतं.

"भरती हाय का?"

"वय उलटलं. मॅरेथॉन आहे. बेचाळीस किलोमीटर."

मामांनी मनातल्या मनात रस्ता मोजला. "म्हंजी परळीला जाऊन अर्ध्याच्या वर माघारी. दर्शन तरी होतंय का त्यात?"

"नाही."

"मग मिळतंय काय?"

"मेडल."

"सोन्याचं?"

"पत्र्याचं. सगळ्यांनाच देतात."

"आन् फी?"

"अठराशे."

एक्सेल थांबली. मी चाळीस पावलं पुढं गेलो, वाटलं सुटलो. ती परत आली. "पैसे तुम्ही देताव?"

आता मी हुकमाचा पत्ता टाकला. धावपटू अविनाश साबळे, आपल्याच बीड जिल्ह्यातला, आष्टीकडचा.

"त्येचं निराळं. त्येला पळून मिल्ट्रीत नोकरी लागली. तुम्ही नोकरी असून पळायलाव."

खरं तर साबळे आधी सैन्यात गेला, शर्यतीबिर्यती नंतरच्या. पण एवढं लांब वाक्य बोलण्याइतका श्वास शिल्लक नव्हता.

"नोकरी कसली?"

"पेपरात. खेळाचं पान... रविवारी भटकंती."

"फिरता कोणाच्या पैशानं?"

"माझ्याच."

मामा गप्प झाले. त्यांना माझी कीव आली होती. तेवढं सोडून काहीही चाललं असतं.

कारण त्यांची कीव खोटी नव्हती. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, रौप्य घेतलं. १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता. आणि या पोराचं सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदानं. शर्यतीत पाण्याचा खड्डा सात वेळा ओलांडावा लागतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळा टँकरच्या खेपांवर मोजतात, तिथला पोरगा! मी रात्र जागून सहाशे शब्द लिहिले. सकाळी पानावर चार ओळी होत्या. बाकी जागेत सोन्याच्या दुकानाची जाहिरात. मजुरी माफ म्हणे. माझीही तशी माफच होती, मानधन दिवाळीनंतर आलं.

याच अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी ४० फूट लांब पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, लिहून ठेवलंय. हौसेनं. आमच्या बातम्या कापणाऱ्या डेस्ककडं दिली असती, तर तिचा हातरुमाल झाला असता.

"बसा मागं," मामा म्हणाले. "सोडतो चौकात. पैसे नको."

मी नाही म्हणालो. मान राहिला, पाचवा फेरा गेला.

चौकात पोचलो तर मामा माझ्याआधी. हॉटेलवाल्याला दूध मापून देत होते आणि सोबत माझी माहिती. "हे पेपरवाले. पैसे देऊन पळतेत, पदरच्या पैशानं फिरतेत, आन् लिहितेत दुसऱ्याचं."

हॉटेलवाल्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गल्ल्याखालची वही काढली.

"भाऊ, मागचे एकशेवीस राहिलेत. चहा टाकू का आधी ते देताव?"